पोथीतलं केवड्याचं पान

घाटाच्या पायथ्याशी तेरवळे गावी श्रीवनमाळी महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीची ही गोष्ट. गाव लहान, पण लाकडाच्या रंगीत गोळ्यांसाठी नावाजलेलं. लाकूड कातायच्या चरखावर गरगर फिरणाऱ्या गोळ्याला लाखेची रंगीत कांडी टेकवायची, ऊन होऊन लाख पसरली की त्यावर केवड्याचं सुकं पान दाबून धरायचं, आणि मग त्या गोळ्यात खुशाल आपलं तोंड बघावं! अशी झिलई दुसरीकडे कुठे नाही, हे आम्ही छाती पुढे काढून सांगतो.

या कामात लाडोबा कातारी स्वतःला राजा समजे. समजे कसला, होताच तो! सल एवढाच, की रामनवमीच्या पाळण्याला एकशे आठ गोळे लावायचा मान सगुण कातारी या गरीब स्वभावाच्या माणसाच्या घरी होता. सगुण महाराजांचं नाव घेऊन चरखावर बसला, की लाडोबा नाक मुरडी.

"नावान लाख चढता काय रे? हात व्हयो, हात!"

त्या वर्षी त्याने कहर केला. ओढ्याकाठचं केवड्याचं बन साफ करून सगळी पानं आपल्या माळ्यावर भरली. सगुणचे गोळे कातून तयार होते, झिलई तेवढी राहिली होती. दोन दिवसांवर उत्सव आला, सगुण बनात गेला, तर तिथे नुसते बुंधे! दुसरीकडून हिरवं पान आणावं, तर ते वाळायला आठ दिवस हवेत. आणि पाळणा बिनझिलईचा राहिला, तर मान कायमचा लाडोबाकडे जाणार होता.

"दादा, धा-बारा पानां दी रे," सगुण काकुळतीने म्हणाला.

"माका कित्याक इचारतंस? तुझे महाराज धाडतले!"

सगुण डोळे पुसत मठात गेला. मजा बघायला लाडोबाही मागोमाग गेला. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोथीत खुणेला ठेवलेलं केवड्याचं पान काढून सगुणच्या हातावर ठेवलं.

महाराज म्हणाले, "हे घे. लक्ष गोळ्यावर ठेव, पानाकडे बघू नकोस."

लाडोबाला हसू आवरेना. एका पानावर दहा गोळे झाले तरी डोक्यावरून पाणी. पुढे पानाच्या चिंध्या होतात!

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सगुणच्या पडवीत ठाण मांडून बसला. सगुणची बायको चंद्रभागा चरख फिरवायची दोरी ओढू लागली. लाडोबाने मोजायला सुरुवात केली. दहा झाले. वीस झाले. पन्नास झाले, तरी पान होतं तसंच! दुपारी एकशे आठवा गोळा उतरला, तेव्हा पडवीभर केवड्याचा वास सुटला होता. लोक गोळ्यांची वाहवा करत होते. पानाचं नवल मात्र एकट्या लाडोबाला कळलं होतं. त्याने एक गोळा उचलून फिरवून पाहिला. अशी झिलई त्याच्या हातून जन्मात उतरली नव्हती.

तो तडक मठात गेला. "महाराज, ता पान कसला होता?"

महाराज डाव्या हाताने पोथी चाळत होते. उजव्या तळव्यावर ओलं फडकं होतं. ते घसरलं आणि लाडोबा जागीच खिळला. तळव्यावर लाल, हिरव्या, पिवळ्या लाखेचे पट्टे ओढलेले होते, आणि त्यांच्यामधून टरारून फोड आले होते!

महाराज म्हणाले, "एकशे आठ गोळे, लाडोबा. चटका बसायचाच. अरे, गावाने झिलई पाहिली, पण एका पानावरचे गोळे तू मोजलेस. तुझ्यासारखा पारखी नाही."

शिव्या दिल्या असत्या तर त्याने सोसल्या असत्या, ही शाबासकी त्याला सोसेना. "तुमचो हात माझ्यामुळा भाजलो!" म्हणत तो हमसून रडू लागला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला.

महाराज म्हणाले, "माझा हात बरा होईल. सगुणच्या दारी जा."

केवड्याच्या पानांचे भारे डोक्यावर घेऊन लाडोबा भर गावातून चालत गेला. भारे पडवीत उतरवले आणि वयाने धाकट्या सगुणपुढे त्याने जमिनीला डोकं टेकलं. मग उठून चंद्रभागेला म्हणाला, "वयनी, फुडल्या वर्सापासून पाळण्याच्या गोळ्यांची दोरी मी ओढतलंय."