खिडकीचा निकाल

“हक्काचा उजेड परत मिळवला, बाबा. तरी घर अंधारलेलंच का वाटतं?”

टेकडीवरच्या दर्ग्यापाशी राहणारे दाऊदबाबा सुपात ज्वारी निवडत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

त्र्यंबकराव शिराळकरांना राग आला. सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला माणूस तो. शेजाऱ्यानं वर मजला चढवला नि यांची पूर्वेची खिडकी बुजली. तीस वर्षांच्या वहिवाटीचा उजेड कुणाला अडवता येत नाही, म्हणून ते भांडले. जिंकले. गेल्या महिन्यात भिंत उतरली.

“त्या खिडकीत काय होतं?” बाबांनी विचारलं.

“शालन बसायची. माझी बायको. मंगळसूत्राच्या पोती ओवायची. काळे मणी, अगदी बारीक... उन्हाशिवाय सुईला सापडायचे नाहीत.”

“आता?”

“दोन वर्षं झाली तिला जाऊन.”

एवढं बोलून त्र्यंबकरावांनी घाईघाईनं पिशवीतून निकालाचे कागद काढले. बाबांनी सूप बाजूला ठेवलं.

“मला वाचता येत नाही. यात तिचं नाव कुठं आहे? बोट ठेव.”

त्र्यंबकराव शोधू लागले. खिडकी तीन फूट रुंद, चार फूट उंच. ऊन सकाळी सात ते दहा. वादी, प्रतिवादी, मोजणी, नकाशा... शेवटच्या पानावर बोट थांबलं.

“नाही.”

“भिंत चढत होती, तेव्हा ती काय म्हणाली?”

“म्हणाली, चढू द्या हो. मी मागच्या दारात बसेन. तिथं संध्याकाळचं ऊन येतं. तुम्ही फक्त चहा घेऊन शेजारी बसत जा.”

“मग?”

“मी वकिलाकडं निघालो होतो... म्हटलं, निकाल लागला की बसू.”

त्र्यंबकराव कागदांची घडी घालायला गेले. घडी जमेना.

“एकदा, बाबा... एकदाच तिच्याशेजारी बसायला मिळालं असतं, तर...”

बाबांनी सूप पुन्हा जवळ ओढलं. मग हळूच विचारलं,

“मागचं दार हल्ली कोण उघडतं?”