थंडी मागणारी बकुळा

सोन्याचा राजवाडा नको की सात राण्या नकोत. आपल्या गोष्टीला काळ्या मातीचं एक लहानसं गाव पुरे. त्या गावात बकुळा नावाची मुलगी राहायची. बाप देवाघरी गेलेला, आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची, आणि दोघींत मिळून पांघरायला एकच वाकळ होती, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून आईनं शिवलेली.

त्या वर्षी पौष आला तरी थंडी आली नाही. संक्रांत तोंडावर, आणि ऊन मात्र चैत्रातलं. विहिरीनं तळ गाठला. हरभऱ्यानं चार गुलाबी-जांभळी फुलं दाखवली आणि मान टाकली. "तुझं बरं झालं गं पोरी," बायका बकुळेला म्हणायच्या, "थंडीच नाही, तर पांघरुणावाचून काय अडतंय?" खोटं कशाला बोला, आधी बकुळाही खूशच होती.

मग आईचं पोट दुखायला लागलं. अन्नाचा वास आला तरी ती तोंड फिरवायची. बघता बघता तिचं पार चिपाड झालं. झाडपाल्यातलं जाणणाऱ्या शेजारच्या रखमाकाकूनं पोट दाबून पाहिलं आणि बाहेर येऊन हळूच सांगितलं, "हरभऱ्याची आंब पोटात गेली तर उठेल. नाहीतर पोरी, पुढचं माझ्याच्यानं बोलवत नाही."

आंब म्हणजे काय, ठाऊक आहे ना? हरभऱ्याच्या पाल्यावर रात्री दव पडतं आणि पाल्याचा आंबटपणा त्यात उतरतो. संध्याकाळी त्यावर धुवट फडकं पसरायचं आणि पहाटे पिळून घ्यायचं. आई खुरपायची त्या शेतात बकुळा रोज फडकं पसरायची आणि रोज पहाटे कोरडं ठणठणीत उचलायची. थंडीच नाही तर दव कुठलं?

एका पहाटे फडक्याखाली काहीतरी फडफडलं. पाहते तर हरभऱ्याच्या घाट्याएवढी इवलीशी चंदेरी परी, पण पिटुकले पंख कांद्याच्या सालीसारखे वाळलेले. "पाणी," ती पुटपुटली. बकुळेच्या तांब्यात घोटभरच पाणी होतं, तिच्या वाटणीचं. तिनं ते ओंजळीत ओतून पुढं धरलं. परी प्यायली, तिचे पंख उलगडले आणि त्यांत निळे, हिरवे, मोतिया रंग चमचमायला लागले.

"मी दहिवराची, पहाटेच्या दवाची परी," ती म्हणाली. "माग काय हवं ते. पण एकदाच."

"माझ्या आईला बरं कर."

"दुखणं माझ्या हातात नाही गं बाई. मी थंडी आणीन, दव आणीन, बस्. आणि अटी नीट ऐक. कुणाजवळ बोलायचं नाही. थंडी मागेल तिनं उजाडेपर्यंत शेतात बसायचं, अंगावर काही न घेता. आणि ती थंडी साऱ्या शिवारावर पडेल, कुणालाही वगळणार नाही."

बकुळा मागणार, तेवढ्यात ओढ्याकडून तान्हं बाळ रडल्याचा आवाज आला. तिथं टोपल्या विणणाऱ्यांची पालं होती. फाटक्या कापडाखाली उघडीनागडी पोरं. माझी आई वाचायची आणि यांची बाळं काकडून मरायची?

"संध्याकाळी मागितलं तर चालेल का?" तिनं विचारलं.

"चालेल," परी म्हणाली.

दिवसभर बसून बकुळेनं बाभळीच्या काट्यानं वाकळ उसवली. आई अंथरुणातून बघत होती. "हे काय गं आरंभलंस?"

"पालावरच्या पोरांना नेते. तुझ्यापुरता एक थर ठेवलाय."

"ने बाई. या उकाड्यात काय करायचंय?" आई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

पालावरच्या बायका हसल्या. "आम्ही घामानं निथळतोय, आणि ही पांघरुणं वाटत फिरतीय." पण फुकट मिळतंय ते कोण सोडतं? लेकरागणिक एकेक थर त्यांनी ठेवून घेतला. बकुळेला एक चिंधीही उरली नाही.

दिवेलागणीला तिनं फडकं पसरलं आणि थंडी मागितली. थंडी आधी तिच्याच हाडांत शिरली. ती रात्र मी सांगत बसत नाही. पोराबाळांना सांगण्यासारखी नव्हती ती.

उजाडता उजाडता सारा हरभरा रुपेरी झाला होता, पानापानावर चिमुकले मोती. फडकं भिजून जड झालेलं. पण बकुळेची बोटं निळी पडून लाकडासारखी ताठली होती. फडकं पिळवेना. आईला वाचवायला आली आणि हातच चालेनात, म्हणून ती हुंदके द्यायला लागली.

परीनं पूर्वेकडं पाहिलं. ऊन लागायच्या आत पानाआड गेली, तरच ती जगणार होती. तरी ती येऊन बकुळेच्या तळहातावर बसली.

"तू लप ना," बकुळा म्हणाली. "ऊन येतंय."

"रात्री तू लपलीस का?" परी म्हणाली, आणि बोटाबोटातला गारठा तिनं आपल्या अंगात ओढून घेतला. बोटं गुलाबी झाली. बकुळेनं फडकं पिळलं, थेंब थेंब आंब तांब्यात पडली. पहिलं ऊन आलं. परी आधी केशरी झाली, मग गुलाबी, मग नुसता लखलखीत पांढरा उजेड. डोळे दिपले. उघडले तेव्हा तळहात रिकामा होता.

थंडी मात्र राहिली. हरभरा उभा राहिला. पालावरचं एकही लेकरू दगावलं नाही.

आंब पिऊन आई गाढ झोपली. दुपारी उठली आणि म्हणाली, "बकू, भूक लागली गं."

त्या घरात हे शब्द कायम भीत भीत बोलले जायचे. डब्यात पीठ असेलच याचा नेम नसायचा. पण त्या दिवशी भोगी होती. रखमाकाकूनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणून दिली होती. आईनं तुकडा मोडला, चावला, गिळला आणि दुसरा मोडला. तेव्हा कुठं बकुळा पोटभर रडली.

बकुळेच्या आईला लागली तशी भूक तुम्हांआम्हांला लागो, आणि भुकेपुढं भाकरी असो.