राजाच्या दह्याची चोरी

रणधवल महाराजांचं दही चोरीला गेलं, आणि गंमत म्हणजे हंडी काठोकाठ भरलेलीच होती!

झालं असं, की वाड्यातल्या एका दासीने चमचाभर दही घरी विरजणाला नेलं. तिच्याकडून ते शेजारी गेलं, शेजारून सगुणा कुंभारणीच्या ओट्यावर, आणि ओट्यावरून साऱ्या गावात. सगुणाच्या घरी म्हैस नव्हती की दही नव्हतं. होता तो रस्त्यालगतचा लांबरुंद ओटा. संध्याकाळी बायका तिथे आपापल्या वाट्या ठेवत. जिचं विरजण बिघडलं असेल ती दुसरीच्या वाटीतलं चमचाभर उचले, चार घरच्या बातम्या ऐके आणि जाता जाता एखादं गाडगं विकत घेई. सगुणाची भट्टी त्यावरच पेटायची.

पुढे महाराज पाटलांकडे लग्नाला गेले. पानात दही पडलं ते सुरीने कापावं इतकं घट्ट. थेट वाड्यावरचं! महाराज भरल्या पानावरून उठले. नवरीकडचे घाबरले, मीठ कमी पडलं की काय म्हणून.

कारभारी त्र्यंबकपंतांनी लगेच कायद्याचा मसुदा केला आणि दवंडी पिटली. आजपासून वाड्याच्या दह्याचं विरजण परवानगीशिवाय लावणारा चोर. कुठलंही परक्याचं दही मालकाच्या परवानगीवाचून ज्या जागी सापडेल, ती जागा लाखेची मोहोर लावून बंद. आणि त्या जागेची वाट दाखवणाराही दोषी. यावर सगुणाची शेजारीण शेवंता पुढे झाली. तिची गाय रोज आपल्या आपण ओट्याकडे जाते आणि परगावच्या बायका तिच्या मागोमाग येतात, तर तिचं काय करायचं, असं तिने विचारलं. पंतांनी पुष्कळ विचार केला आणि गाईचं नाव लिहून घेतलं.

सगुणाने मात्र मनाशी हिशेब मांडला. ओटा बंद म्हणजे भट्टी बंद, आणि भट्टी बंद म्हणजे चूल बंद. ती तडक दरबारात गेली.

महाराज म्हणाले, "चोरी तुझ्या ओट्यावर होते. तुला ठाऊक नाही असं सांगू नकोस."

"ओट्यावर वाट्या येतात, महाराज. आता प्रत्येक वाटीला काय विचारू? बाई गं, तुझं माहेर कुठलं?"

"विचार की! उद्या ओट्यावरच्या सगळ्या वाट्या इथे आण आणि वाड्याचं दही कुठलं, गावचं कुठलं, ते वेगळं करून दाखव. चोरीची एक जरी वाटी सुटली तरी ओटा बंद. आणि एखाद्या सरळ बाईची वाटी चुकून अडवलीस, तरीही बंद."

शेवंताने तिला सरळ सल्ला दिला, की गाडगी गाढवावर लाद आणि माहेरी जा. सगुणा म्हणाली, माहेरीही लोक दहीच खातात.

दुसऱ्या दिवशी दरबारात वाट्यांची रांग लागली. सगुणाने हात जोडून एवढंच मागितलं, की आपली कुंभाराची जीभ, तिचा काय भरवसा; चव सरकारच्या चाखणदारानेच घ्यावी. पारख करायची तर अस्सल दही समोर हवं, म्हणून वाड्याची हंडी मध्ये ठेवावी. आणि चमचा एकच असावा, म्हणजे चवीतला फरक चमच्याचा होता असं मागून कुणी म्हणायला नको. पंतांना हे फारच न्यायाचं वाटलं.

चाखणदार मल्हारबुवा मोठे सोवळ्याचे. चमचा तोंडाला लावतील तर शपथ. दही तळहातावर घ्यायचे आणि चाटायचे. एकदा हंडीतलं, एकदा वाटीतलं, पुन्हा हंडीतलं, मग पुढची वाटी. तोच चमचा हंडीत, तोच वाटीत. अर्धी रांग झाली तेव्हा बुवांना सगळं सारखं लागू लागलं. रांग संपली तेव्हा त्यांना दही आणि चुना यांतलाही फरक सांगता येईना. मिशा पांढऱ्याफेक करून ते खांबाला टेकून बसले.

"निकाल सांग," महाराज गरजले.

सगुणा हंडीजवळ गेली. "सांगते. माझ्या ओट्यावर चोरी होती की नव्हती, देव जाणे. पण या हंडीत आता घराघरातलं दही गेलंय, शेवंताचंसुद्धा. परवानगी एकीचीही नाही. पंत, लाख कुठून लावायला घेता? मोठ्या दरवाजापासून की मुदपाकखान्यापासून?"

पंतांनी मसुदा उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.

"फेकून द्या ती हंडी!" महाराज ओरडले. "नवं दही लावा."

तेवढ्यात आचारी केरोबा रडवेला होऊन पुढे आला. म्हणाला, विरजण कशाचं लावू? वाड्यात हंडी ही एकच. चोरी होऊ नये म्हणून सरकारांनीच दुसरी ठेवू दिली नव्हती. अस्सल दही आता उरलंच नाही.

महाराजांचा चेहरा असा झाला, जणू उन्हाळाभर कुणी ताकही देणार नाही.

"उरलंय, महाराज," सगुणा म्हणाली. "दासीने नेलेल्या त्या चमचाभर दह्याची लेकरं-नातवंडं घरोघरच्या गाडग्यांत सुखरूप आहेत. संध्याकाळी वाटी घेऊन ओट्यावर या, हवं तेवढं देते. पण वाट मात्र तुमची तुम्हीच शोधा. मी दाखवली तर गुन्हा, आणि गाईचं नाव तर आधीच लिहिलेलं आहे!"

महाराज आधी लाल झाले, मग गाल फुगले, आणि मग असे काही हसले की मुकुट निसटून हंडीत पडला. हसता हसताच त्यांनी मसुदा मागून घेतला आणि मल्हारबुवांना मिशा पुसायला दिला. सगुणाला दोन दुभत्या म्हशी मिळाल्या, ओट्यावर कौलारू छप्पर चढलं आणि वाड्याची सगळी गाडगी तिच्याच भट्टीतून यावीत असा हुकूम निघाला.

संध्याकाळी महाराज गाईच्या मागोमाग ओट्यावर आले आणि चांदीची वाटी सगळ्यांच्या पुढे ठेवू लागले.

"अहो सरकार, मागे," शेवंता म्हणाली. "माझी वाटी आधीची आहे."