महाराजांचं जिलब्यांचं ताट

"माझ्यासमोर जिलब्यांचं ताट असेल. 'खाऊ नका' असं कोणी म्हणायचं नाही, ताटाला कोणी हात लावायचा नाही. तरीही ते ताट मी माझ्या हातानं दूर सारलं पाहिजे! असं औषध उद्या आणा. नाहीतर औषधांचा मळा उपटून तिथं हत्ती बांधीन!"

राजा चंडसेन राजवैद्यांवर गरजला. महाराजांच्या लघवीला मुंग्या लागतात, तेव्हा गोड सोडा, एवढंच बिचारे बोलून गेले होते!

खरा धसका घेतला तो मळ्याच्या माळ्यानं, कुशाबानं. अडुळसा, गुळवेल, शतावरी, सगळं त्यानं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. त्याची लेक येसूही रात्रभर जागीच होती. पहाटे मात्र कुंपणावरच्या एका वेलीकडे बघून ती एकटीच खुदकन हसली.

ओच्यात पानं घेऊन ती दरबारात आली. "महाराज, जिलब्या पोटभर खावा! फक्त आधी ही दोन पानं चांगली चघळा."

"एवढंच?" राजानं पानं चघळली, पिकदाणीत थुंकली आणि जिलबी तोंडात टाकली.

"ही जिलबी आहे की ओली सुतळी?"

ताट घेऊन आलेल्या हलवायानं तुकडा चाखला. "महाराज, गोडच आहे की!"

"खोटारड्या! पेढा आण!" पेढा मातीसारखा लागला. मध डिंकासारखा. खारे दाणे मात्र खारटच लागले.

"म्हणजे माझी जीभ शाबूत आहे, बिघडलाय तो तुझा हात!" राजानं ताट दाणकन ढकललं. "न्या हे! माहुतांना वाटून टाका!"

शिपाई ताट घेऊन पळाले. येसूनं हात जोडले. "महाराज, ताट कुणी सारलं?"

राजा आपल्या पाकानं चिकट झालेल्या बोटांकडे बघतच राहिला. "पोरी, काय खायला घातलंस मला?"

"मधुनाशिनीचा पाला, महाराज. त्याचा रस जिभेवर असेतो गोड कळत नाही, बाकी सगळं कळतं. लहानपणी मी तो चघळून गूळ खाल्ला, आणि आबांनी चिखल चारला म्हणून गाव गोळा केलं होतं!"

"म्हणजे गोडी परत येईल?"

"घटकाभरात!"

राजाचा चेहरा खुलला. "मग घटकाभरानं त्या जिलब्या..."

"त्या माहुतांच्या पोटात गेल्या, महाराज. आपलाच हुकूम!"

राजा पोट धरून हसत सुटला. "हत्तीखान्याची अर्धी जागा कुशाबाच्या मळ्याला द्या! या पोरीला सोन्याचं कडं द्या! आणि ती वेल हवी तेवढी लावा, पण माझ्या मुदपाकखान्यापासून कोसभर लांब!"