ओल्शावाचं पुरतं उत्तर

पोलंडमधल्या ओल्शावा गावात वाटेत भेटणारा आधी म्हणतो, "येशू ख्रिस्ताची स्तुती असो." समोरच्याने उत्तर द्यायचं, "युगानुयुगे, आमेन." आसपासच्या गावांतही हीच रीत आहे. पण ओल्शावाची माणसं हे उत्तर थांबून, अक्षर न् अक्षर उच्चारून देतात. पाठीवर ओझं असो की घोडा उधळलेला असो, शब्द पुरा झाल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. बाहेरचे हसतात. गाव बघायला गेलेले आम्हीही हसलो. तेव्हा चर्चची झाडलोट करणाऱ्या ल्युद्विका आजींनी आम्हांला पायरीवर बसवलं आणि हे सांगितलं.

युद्धाच्या काळात गावात एकच ज्यू बाई उरली होती, म्हणे. फायगा, जोडे शिवणाऱ्याची विधवा. जर्मन सैनिक ज्यूंना धरून नेऊ लागले, तेव्हा गावाने तिला लपवलं. लपवणाऱ्यांना घरादारासकट गोळी, असा हुकूम होता. तरी चाळीस घरांनी तिला आळीपाळीने आठवडा आठवडा ठेवलं. डोक्याला रुमाल, गळ्यात क्रूस; कुणी विचारलंच तर कुणाची तरी मावशी.

तिला प्रार्थना शिकवल्या घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या वोइचेखने. तीस वर्षं ती त्या गावात राहत होती, पण हा नमस्कार तिला कुणीच कधी केला नव्हता. ती ज्यू ना! तिने तो नुसता ऐकला होता. आणि गावाला तेव्हा शेवट गिळायची खोड होती. "युगां..." म्हणायचं आणि मान हलवायची.

"अहो, तुम्ही तर अर्धंच म्हणता!" फायगा म्हणाली.

"आम्ही जन्माचे ख्रिस्ती, आम्हांला अर्धं चालतं," वोइचेख म्हणाला. "तू पुरतं म्हण, बाई. तुझं चुकायला नको."

अकरा महिने निभावलं. मग बटाटे काढायच्या दिवसांत, भर दुपारी, शहरातून एक जर्मन अंमलदार शिपाई घेऊन आला. त्याने कुणाचं नाव विचारलं नाही, कागद मागितले नाहीत. सरीसरीतून चालत तो एकेका बाईला नमस्कार करत गेला. "युगां..." "युगां..." आठव्या बाईने हाताची माती पुसली आणि पुरतं उत्तर दिलं.

फायगाला बांधावरच मारलं. तिला ठेवायचा तो आठवडा मारीस्या नावाच्या बाईच्या घराचा होता. मारीस्याला आणि तिच्या नवऱ्यालाही मारलं. बटाटे मातीतच कुजले.

रविवारी सगळ्या गावाने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, असं सांगतात. यापुढे सगळे पुरतं म्हणतील, म्हणजे उत्तरावरून कुणी वेगळं ओळखू येणार नाही. पण आता कुणासाठी? लपवायला कुणी उरलंच नव्हतं.

"त्या अंमलदाराला हे कळलं कसं?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

"तो फार हुशार होता, असं गावात सांगतात."

"आणि तुम्ही काय सांगता?"

आजी म्हणाल्या, "बाळा, शहरात पुरतं म्हणत. शेजारच्या गावात पुरतं म्हणत. गिळायची खोड आमची एकट्यांची. ती त्याला आमच्यातल्याच कुणीतरी सांगितली. बोटसुद्धा दाखवावं लागलं नाही."

ती खोड सांगणाऱ्या माणसानेही त्या रविवारी बायबलवर हात ठेवला असणार. आजही ओल्शावातली सगळी घरं एकाच संथ सुरात उत्तर देतात, आणि त्यांतलं ते घर कोणतं, हे कुणालाच ओळखता येत नाही.