भरल्या टाकीची परीक्षा

एका गावात, जिथं माणसांपेक्षा द्राक्षांचे वेल जास्त, तिथं भिकोबा नावाचा एक हौशी बागायतदार राहायचा. त्याचा जुना ट्रॅक्टर मोडीत निघाला आणि हा नव्याची स्वप्नं बघू लागला.

"असा दांडगा ट्रॅक्टर आणतो, की वेशीत शिरला की माणसं ओट्यावर आली पाहिजेत!"

"माणसं ओट्यावर आणायचीत की औषध वेलीवर?" त्याची बायको यमुना म्हणाली. "बैल घेताना आधी औताला जुंपून बघायचात ना? मग यालाही जुंपा."

भिकोबाला ते पटलं. बायकोचं पटलं की तो आधी खाकरायचा, तसा खाकरला.

ठरल्या दिवशी दोन दुकानदार आपापला ट्रॅक्टर घेऊन बागेत आले, एक दांडगा, एक बुटका. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता. आजच फवारणी झाली नाही तर घड कुजणार, वर्षाची मेहनत मातीत जाणार!

दांडगा ट्रॅक्टर ऐटीत वेलींच्या ओळीत शिरला आणि कर्रकन मांडवाच्या तारेला घासला. घडांसकट वेलीची एक फांदी तुटून खाली पडली.

"थांबवा हो, थांबवा!" भिकोबाच ओरडला. लेकरासारखी वाढवलेली बाग ती, त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग बुटका ट्रॅक्टर पुढं आला, मागं औषध फवारायची टाकी जोडून.

"हे तर खेळणं दिसतंय," भिकोबा पुटपुटला.

"अर्धी टाकी भरून बघू," दुसरा दुकानदार म्हणाला.

"अर्धी का? काठोकाठ भरा," यमुना म्हणाली. "घरी नेल्यावर काय अर्ध्याच टाकीनं फवारायचंय?"

टाकी भरली. चाकं चिखलात जरा रुतली, भिकोबाचा जीव टांगणीला लागला. पण बुटक्यानं नेट लावला आणि चढावरून टाकी ओढत नेली. एकाही पानाला धक्का नाही! ओळीमागून ओळ झाली, दुपार टळली.

"वहिनी, झाली ना परीक्षा?" दुकानदारानं विचारलं.

"एवढी शेवटची ओळ राहिली की!" यमुना म्हणाली. बघा, बाई किती हुशार! परीक्षेत बागही फवारून घेतली.

भिकोबानं बुटकाच घेतला. तो वेशीत शिरला तेव्हा माणसं ओट्यावर आली खरी, पण हसायला. भिकोबाही त्यांच्यात हसला.

बाग वाचली. पहिला घड उतरवून भिकोबानं ट्रॅक्टरवर ठेवला. दुसरा यमुनेला दिला.

"म्हणजे मी ट्रॅक्टरच्या मागं होय?"

"अगं, ओढणारा पुढंच असतो," भिकोबा खाकरला, "पण शहाणं माणूस मागं उभं राहून हाकतं."

तात्पर्य: शिंगं बघून बैल घेऊ नये आणि उंची बघून ट्रॅक्टर. आपल्याच रानात, भरलं ओझं लावून त्याचा दम बघावा.