हौसाची नाव, केरबाचा हात

एका गावात एक भोळा केरबा होता. इतका भोळा, की 'बसा' म्हटलं की बसायचा, आणि 'उठा' म्हणायला कुणी विसरलं तर जेवणवेळ होईपर्यंत तिथंच बसून राहायचा. त्याची बायको हौसा. तिच्या भिंतीवर बारा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर होतं. तारखा कधीच संपल्या होत्या, पण चित्र होतं उदयपूरच्या तळ्यातल्या नावेचं. त्या नावेत एकदा बसायचं, एवढी एकच तिची इच्छा.

शेवटी दोघं एका सहलीबरोबर उदयपूरला पोचली. सहलीचं नाव 'निवांत उदयपूर'. एका दिवसात चौदा ठिकाणं. मॅनेजर वर्तकसाहेब गळ्यात शिट्टी अडकवून सांगायचे, "निवांत बघा, पण लवकर." नावेची फेरी चौदावी होती. उशीर झाला तर नेमकी तीच गळणार, म्हणून हौसाचा जीव सकाळपासून टांगणीला लागलेला.

आधी राजवाडा. तिथं राजाची गादी रिकामी दिसली. केरबाचे पाय दुखत होते, तो जाऊन बसला. पहारेकऱ्यानं त्याला उठवेपर्यंत दहा मिनिटं गेली. बाकीची मंडळी गादीकडं पाठ करून आपापले फोटो काढत होती. त्यांना शहाणी म्हणतात.

हौसा म्हणाली, "अहो, असं बसायचं नसतं. दुरून बघायचं, 'छान' म्हणायचं आणि पुढं सरकायचं."

"बरं. पुढच्या वेळी," केरबा म्हणाला.

दुपारी जेवणाची पानं मांडली. दाल-बाटी, वर तुपाची धार. केरबानं दुरून बघितलं, 'छान' म्हणाला आणि पुढं सरकला तो थेट बसमध्ये जाऊन बसला. त्याला शोधण्यात अर्धा तास मोडला. मग वर्तकसाहेबांनी तीन ठिकाणं बसच्या खिडकीतूनच दाखवली आणि यादीत 'झाली' अशी खूण केली. कुणी तक्रार केली नाही. निम्मे लोक झोपले होते.

हौसानं समजावलं, "अहो, पुढ्यात आलं ते खायचं. लाजायचं नाही, मागं काही ठेवायचं नाही."

"बरं. पुढच्या वेळी."

ऊन कलल्यावर सगळे तळ्याकाठी आले. घाटावर माशांना घालायला कणकेच्या गोळ्या मिळत. कुणीतरी गोळ्यांचा द्रोण केरबाच्या पुढ्यात धरला. गडी उपाशी होताच. त्यानं न लाजता सगळ्या गोळ्या खाल्ल्या आणि द्रोणही पुसून घेतला. मासे तोंड वर काढून वाट बघत राहिले.

हौसानं कपाळावर हात मारला. "अहो, ते आपलं नव्हतं. पाण्याकाठी आलं की हातातलं पाण्यात सोडायचं. आपण निर्माल्य सोडतो तसं, नमस्कार करून."

"बरं. पुढच्या वेळी."

अखेर नाव आली. वर्तकसाहेबांच्या घड्याळात पंधरा मिनिटं उरली होती. हौसा आधी चढली, पदर सावरून फळीवर बसली. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. नावाड्यानं दोर आणि दोन्ही वल्ही केरबाच्या हातात दिली. जरा धरा, म्हणाला, मी जाकिटं घेऊन येतो.

केरबानं धरलं. मग त्यानं हातांकडं बघितलं. मग पाण्याकडं बघितलं.

वाऱ्यानं नाव हळूहळू निघाली. हौसानं आधी जोरात बोंब मारली. पण तळ्याच्या मध्यावर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की इथं शिट्टी ऐकू येत नाही. मग ती गप्प झाली आणि पाण्यात हात बुडवून राजवाडा बघत बसली. चौदा ठिकाणांपैकी कुणी निवांत बघितलेलं ते एवढंच.

काठावर मात्र एकच गोंधळ. वर्तकसाहेब शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले. नावाडी धावत आला. दोर का सोडला, म्हणून त्यानं विचारलं. केरबानं निर्माल्याचं सगळं नीट समजावून सांगितलं. नावाड्यानं कपाळाचा घाम पुसला. हरकत नाही, म्हणाला, दुसरी नाव बांधलेली आहे, बाईंना आत्ता घेऊन येतो, तेवढी वल्ही द्या इकडं.

केरबा समाधानानं हसला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला सगळं बरोबर जमलं होतं.

"ती तर दोराच्या आधीच सोडली," तो म्हणाला. "नमस्कार करून."